विश्लेषण : वृद्धांना पुन्हा ‘फॅमिली डॉक्टर’ का हवा?

रक्तदाबाची गोळी हृदयरोगतज्ज्ञाची, साखरेची मधुमेहतज्ज्ञाची, गुडघ्याची अस्थिरोगतज्ज्ञाची आणि झोपेची थेट औषधाच्या दुकानातून आणलेली. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या उशाशी असा डबा असतो. हा संपूर्ण डबा कुणा एका डॉक्टरने कधी पाहिला आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वृद्धांची संख्या किती वाढते आहे?

‘भारत वार्धक्य अहवाल २०२३’नुसार २०२२ मध्ये देशात साठीपुढच्या व्यक्ती सुमारे १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या साडेदहा टक्के होत्या. २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटींवर, म्हणजे पाचात एकावर जाईल, असा अंदाज आहे. उतारवयात आजार एकेकटे येत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, विस्मरण, नैराश्य असे दोन-तीन त्रास एकाच वेळी असतात. तज्ज्ञांची व्यवस्था मात्र एकेका अवयवाभोवती उभी आहे.

अनेक औषधांमुळे नेमके काय बिघडते?

पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित घेण्याला वैद्यकात ‘पॉलीफार्मसी’ म्हणतात. प्रत्येक वेळी ती चूकच असते असे नाही. धोका असतो तो एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जाण्यात. उदाहरणार्थ, रक्तदाबासाठीच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. मग रात्री वारंवार उठावे लागते, अंधारात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. पहिल्या गोळीचा फेरविचार केला असता, तर कदाचित ही साखळी तिथेच तुटली असती.

वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडली. ‘बीअर्स निकष’ म्हणून ओळखली जाणारी ही यादी वेळोवेळी सुधारली जाते. २०२३ मध्येही ती अद्ययावत झाली. झोपेच्या काही गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली वेदनाशामके, साखर एकदम खाली आणणारे ग्लिबेनक्लामाइड यांचा तीत समावेश आहे.

एकच डॉक्टर असल्याने खरेच फरक पडतो?

‘बीएमजे ओपन’मध्ये २०१८ साली नऊ देशांतील २२ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८ अभ्यासांत, सातत्याने त्याच डॉक्टरकडे जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नॉर्वेमध्ये सुमारे ४५ लाख नागरिकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. एकाच डॉक्टरशी १५ वर्षांहून अधिक काळ संबंध असलेल्यांत, वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेत, रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता २८ टक्के आणि मृत्यूची शक्यता २५ टक्के कमी दिसली. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. पण इतक्या ठिकाणी एकाच दिशेचे निष्कर्ष यावेत, ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही.

भावी डॉक्टरांना हे शिकवले जाते का?

एमबीबीएसचे शिक्षण बहुतांशी मोठ्या रुग्णालयांत होते. तिथे विद्यार्थ्याला खाटेवरचा रुग्ण दिसतो. घरातला अंधारा जिना किंवा एकटीने जेवणारी आजी दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ अभ्यासक्रमात आणला. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातील किमान तीन, शक्यतो पाच कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करणे त्यात अपेक्षित आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरात राहते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या संपर्कात राहते.

मग अडचण कुठे आहे?

भेट केवळ हजेरीपुरती उरली, तर कार्यक्रम कागदावर राहील. मार्गदर्शक शिक्षक, गावापर्यंत वाहन आणि सापडलेल्या रुग्णाला पुढे उपचार मिळण्याची सोय, या तिन्ही गोष्टी लागतात. दुसरा प्रश्न पैशांचा आहे. २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांना ‘आयुष्मान भारत’अंतर्गत पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. ज्या नियमित तपासणीमुळे दाखल होणे टळू शकते, तिचा आणि रोजच्या औषधांचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो.

तोवर कुटुंबाने काय करावे?

घरातील सगळी औषधे, त्यात काढे, चूर्णे आणि चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्याही आल्या, एका पिशवीत घालून वर्षातून किमान एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावीत. प्रत्येक गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. काही औषधे अचानक थांबवणेही घातक ठरते. नवीन गोळी सुरू झाल्यावर चक्कर, गोंधळ किंवा तोल जाणे जाणवले, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देऊ नये. त्या वेळी आधी डॉक्टरांना डबा दाखवावा.