लॅबच्या आतून : मोठं वर्तुळ म्हणजे जालीम औषध?

गेल्या भागात लघवीचा नमुना आपण लॅबपर्यंत पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर जंतू उगवलेले दिसतात. लघवीच्या संसर्गात हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय निघतो. आता डॉक्टरांना हवं असतं एकाच प्रश्नाचं उत्तर: याला कुठलं औषध लागू पडेल?

टेक्निशियन चार-पाच वसाहती उचलून सलाइनमध्ये कालवते आणि ठरलेल्या गढूळपणाशी ताडून बघते. तेवढ्या गढूळ पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ कोटी जंतू असतात. त्यात कापसाचा बोळा बुडवायचा, नळीच्या भिंतीवर दाबून निथळायचा आणि म्युलर-हिंटन आगरच्या प्लेटवर तीन दिशांनी फिरवायचा. मग औषध मुरवलेल्या, ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. प्लेट ३५ अंशांवर १६ ते १८ तास. चकतीतलं औषध आगरमध्ये पसरत जातं, जंतू वाढत जातात. जिथे औषध पुरेसं असताना जंतूंना वाढता आलं नाही, तिथे स्वच्छ वर्तुळ उरतं.

हे वर्तुळ फार लहरी. आगरची जाडी ४ मिलिमीटर हवी. थर पातळ पडला तर औषध आडवं जास्त पसरतं आणि वर्तुळ उगाच फुगतं. जंतू दाट पडले तर ते आक्रसतं. म्हणून ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक ई. कोलाय लॅबमध्ये सांभाळून ठेवलेला असतो. त्याचं वर्तुळ ठरलेल्या मर्यादेत आलं नाही, तर रुग्णांचे निकाल सोडायचे नाहीत. चकत्यांची चाचणी पूर्वीही होती, पण प्रत्येकाची रीत निराळी. सिअ‍ॅटलमधल्या बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये एक प्रमाण पद्धत छापली. आजही तिला कर्बी-बाउअर म्हणतात.

आता रिपोर्टकडे. त्यात प्रत्येक औषधापुढे त्याच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून घरभर फिरतो आणि कुणीतरी जाणता सर्वांत मोठ्या आकड्यावर बोट ठेवतो. सिप्रोफ्लॉक्सासिन २४, नायट्रोफ्युरँटॉइन १८. म्हणजे सिप्रोच जालीम! प्रत्यक्षात अमेरिकेच्या सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या संस्थेनुसार ई. कोलायसाठी सिप्रो ‘सेन्सिटिव्ह’ म्हणायला किमान २६ लागतात, म्हणजे २४ हा ‘इंटरमीडिएट’. नायट्रोफ्युरँटॉइनला १७ पुरतात. प्रत्येक चकतीतली मात्रा वेगळी (सिप्रोची ५ मायक्रोग्रॅम, नायट्रोफ्युरँटॉइनची ३००), प्रत्येक औषधाची आगरमधली चाल वेगळी. एका औषधाचे मिलिमीटर दुसऱ्याशी लावून बघण्यात काही अर्थच नाही. मशीनवरच्या रिपोर्टात एमआयसीचे, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे, आकडे येतात. तिथेही ज्याचा आकडा लहान ते औषध भारी, असं नसतं. निकषही बदलतात. सिप्रोचे २०१९ मध्ये कडक झाले. त्याआधी हाच २४ ‘सेन्सिटिव्ह’ ठरला असता. माझ्या मते रुग्णाच्या हातातल्या कागदावर हे मिलिमीटर छापूच नयेत.

आणि रिपोर्टात ‘एस’, म्हणजे ‘सेन्सिटिव्ह’, असलं तरी काम संपत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं. रक्तात आणि किडनीच्या पेशींत मात्र पुरेसं साठत नाही. नुसती जळजळ आणि सारखी लागणारी लघवी असेल, संसर्ग मूत्राशयापुरताच असेल, तर ते उत्तम. पण थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल, म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत चढला असेल, तर तेच औषध रिपोर्टात ‘एस’ असूनही डॉक्टर देत नाहीत. प्लेटला रुग्णाचा ताप माहीत नसतो. तो फॉर्मवर लिहावा लागतो, आणि नेमका तोच रकाना आपल्याकडे कोरा येतो.

याच प्लेटवर सेफोटॅक्सिमची एक चकती आणि शेजारी क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड मिसळलेली त्याचीच दुसरी चकती ठेवली, आणि दुसरीचं वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मोठं आलं, तर जंतू ईएसबीएल नावाचं विकर बनवतोय असं ठरतं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.