कुत्र्याला ‘शेकहँड’ शिकवताय? खाऊ नेमका कधी द्यायचा, ते आधी वाचा

मुठीत खाऊ धरा आणि मूठ कुत्र्यासमोर जमिनीलगत ठेवा. तो हुंगेल, चाटेल, शेवटी पंजा मारेल. पंजा लागला त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि मूठ उघडा. दोन-तीन सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात तो भुंकला, तर खाऊ भुंकण्याचा मिळाला असं त्याला वाटतं. म्हणूनच प्रशिक्षक ‘टिक’ वाजणारा क्लिकर वापरतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकात ही युक्ती वापरात आणली. घरी बॉलपेनचं बटणही चालतं.

‘शेकहँड’ हा शब्द पंजा हमखास येऊ लागल्यावरच जोडा.

ही करामत फक्त पाहुण्यांसाठी नाही. पंजा हातात द्यायची सवय असली की नखं कापणं, रुतलेला काटा काढणं सोपं जातं. एरवी त्यालाच घरातली तीन माणसं लागतात.

दोन पायांवर उभं राहून ‘नमस्ते’ करणारे रील्स गोड दिसतात, पण डॅशहंडला ते शिकवू नका. या लांब पाठीच्या जातीत मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मुळातच जास्त असतो. आणि खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे पुरे; चॉकलेट, द्राक्षं, मनुका कुत्र्यांसाठी विषारी असतात.