टांगलेले स्पीकर आणि वळवाचा वारा

पार्ल्याचा श्रोता कानाचा तिखट. तंबोरा जरा उतरला तरी पटांगणात चुळबूळ सुरू होते. पण रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेली स्पीकरची माळ किती वाऱ्यापर्यंत टिकेल, हे कोणी विचारत नाही. साउंडवाले तिला ‘लाइन अ‍ॅरे’ म्हणतात. आठ-दहा जड पेट्या एकाखाली एक, चेन मोटरनं मनोऱ्याच्या ट्रसवर, म्हणजे जाळीदार तुळईवर, चढवलेल्या.

साखळी, शॅकल, मोटर सगळं या वजनाच्या हिशेबानंच निवडलेलं असतं. वारा मात्र आडवा ढकलतो. शिवाय वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६ किलो, ७२ ला २४. माळ झोके घेऊ लागली की हिसके ट्रसला बसतात. माळेचं खालचं टोक बेल्टनं मागे ओढून बांधलं तर झोका थांबतो, पण तो जोर मनोऱ्यावर जातो, म्हणून मनोऱ्याच्या पायाशी पुरेसं वजन हवं.

त्यावर कळस म्हणजे त्याच मनोऱ्याला बांधलेला प्रायोजकाचा फ्लेक्स. १० बाय २० फुटांच्या सलग फ्लेक्सवर ७२ च्या वाऱ्यात साडेचारशे किलोचा रेटा येतो. म्हणजे मनोऱ्याला शीडच लावलं म्हणायचं! माझं ऐकाल तर स्पीकरच्या मनोऱ्यावर जाहिरात नकोच. प्रायोजक रुसला तर रुसू द्या.

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीत निघालं की त्याचा पाया जेमतेम ४९ किलोमीटरचा वारा सोसणारा होता, त्या दिवशी वारा ८७ चा होता आणि तयारी हवी होती १५८ ची. हा १५८ म्हणजे भारतीय मानकातला मुंबईचा मूळ वेग, सेकंदाला ४४ मीटर. होर्डिंग कायमचं असतं आणि मंडप चार दिवसांचा, हे खरं. पण मे महिन्यातला वळीव तो फरक पाहत नाही.

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ ला वाऱ्यानं रंगमंचाचं छत पडून ७ जण दगावले. वादळ येतंय हे ठाऊक होतं. कार्यक्रम थांबवायचा कोणी, हेच स्पष्ट नव्हतं.

आपल्याकडेही नेमकं हेच होतं. साउंडवाला आयोजकाकडे बघतो, आयोजक व्यासपीठावरच्या मान्यवरांकडे, आणि मान्यवरांचं भाषण काही संपत नाही. चेन मोटर मिनिटाला साधारण चार मीटर उतरते. आठ मीटरवरची माळ दोन मिनिटांत खाली येईल, पण त्याआधी खालची माणसं हलवायला हवीत. वादळात वीज गेली तर मोटरही बंद. म्हणून माळ उतरवायची ती वारा जोर धरण्याआधी. वाऱ्याच्या कोणत्या वेगाला उतरवायची हा आकडा स्पीकरच्या पुस्तिकेतून आणि मनोऱ्याच्या आराखड्यातून घ्यावा. दोन्हींत जो कमी तो धरावा. वारा मोजायचं यंत्र ट्रसच्या माथ्यावर लावावं, कारण खाली खुर्च्यांत वारा कमीच लागतो. शिवाय हवामानाच्या अंदाजातला सरासरी वेग बघून भागत नाही, झोत त्याहून जोरात येतो.

पुढच्या कार्यक्रमाच्या बैठकीत आयोजकांनी ठेकेदाराकडून तो आकडा लेखी घ्यावा आणि त्याखाली एकाच माणसाचं नाव लिहावं. त्यानं ‘उतरवा’ म्हटलं की गाणं थांबवायचं, भाषणसुद्धा.