अर्थबदलाचे एक उदाहरण : इब्राहिमखान आणि ‘गारदी’ हा शब्द

प्रास्ताविक

जुन्नर तालुक्यातील ‘बोरी बुद्रुक’ या ग्रामनामातील ‘बुद्रुक’ म्हणजे मूळ फार्सी ‘बुजुर्ग’, अर्थात मोठा. येथे शब्दाचे रूप पालटले, अर्थ टिकला. ‘गारदी’ या शब्दाच्या बाबतीत रूप टिकले. अर्थाला मात्र डाग लागला. तो कसा लागला, हे पाहण्यासाठी पेशवाईतील एका तोफखानाप्रमुखाची कारकीर्द उपयोगी पडते.

विषय-विवेचन

‘गारदी’ या शब्दाचे मूळ सामान्यतः फ्रेंच ‘गार्द’, म्हणजे रक्षक, या शब्दात मानले जाते. युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेल्या बंदूकधारी पायदळास हे नाव मिळाले. इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली दक्षिणेत तयार झाला. पुढे तो निजामाच्या चाकरीत होता. ती सोडून तो सदाशिवरावभाऊंकडे आला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफा निजामाविरुद्ध चालल्या.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याचे सुमारे आठ हजार गारदी मराठ्यांच्या डाव्या बगलेवर होते. सकाळी त्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. परंतु तोफखान्याचे बळ रचनेत असते. शेजारच्या घोडदळाने रचना मोडून पुढे धाव घेतली, तेव्हा ते बळ उणावले. गारदी मात्र जागा न सोडता लढले आणि त्यांतील बहुतेक पडले. जखमी इब्राहिमखान अब्दालीच्या पक्षाच्या हाती सापडला व मारला गेला.

यानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रक्षणासाठी ठेवलेल्यांनीच धन्यावर शस्त्र धरले. ही घटना लोकमनावर इतकी ठसली की, ‘गारदी’ म्हणताच मारेकरी डोळ्यांपुढे येऊ लागला. भाषाशास्त्रात यास अर्थापकर्ष म्हणतात.

सारांश

अर्थापकर्ष शब्दापुरता थांबत नाही. त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांकडे पाहण्याची दृष्टीही तो बदलतो. म्हणून जुन्या कागदपत्रांत ‘गारदी’ आढळल्यास प्रथम काळ पाहावा, मग अर्थ लावावा. एरवी पानिपतावर धन्यासाठी प्राण देणाऱ्यावर आपण शनिवारवाड्यातील खुनाचा कलंक लावून मोकळे होऊ.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

आपल्या परिसरातील बोलीत अर्थापकर्ष झालेले दोन शब्द शोधा व त्यांमागील कारणे लिहा.