भिंतीवरची ओल आणि छातीतली घरघर

पावसाळा मुरला की कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढावे. मागे काळपट-हिरवट ठिपके पसरलेले असतात, रंगाचे पोपडे हाताला लागतात आणि कुबट वास नाकात शिरतो. बहुतेक घरांत त्यावर फडके फिरते, दिवाळीपूर्वी रंगाचा हात बसतो आणि विषय मिटतो. खरे तर घरातली बुरशी हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो सोडवायचा तर ठिपक्यांच्याही आधी त्यांना पोसणारी ओल शोधली पाहिजे.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. प्लायवूड, कागद, भिंतीवरची धूळ असे खाद्यही घरोघरी असते. अडते ते फक्त पाण्यावाचून. भिंतीलगतची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू साधारण 2 ते 3.5 मायक्रॉनचे, म्हणजे नाक-घशाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचण्याइतके बारीक असतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2004 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून निष्कर्ष काढला, की ओल व बुरशी यांचा खोकला, छातीतली घरघर आणि संवेदनशील रुग्णांमधला दम्याचा त्रास यांच्याशी पुरेसा सिद्ध संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत बुरशीचे ‘सुरक्षित’ प्रमाण ठरवण्याचे टाळले आणि घरात ओल राहू देऊ नका, एवढेच ठामपणे सांगितले.

हा केवळ थंड देशांतल्या बंद घरांचा प्रश्न नाही. भारतातल्या 19 शहरांमधल्या 27 रुग्णालयांनी फुप्फुसे ताठर करणाऱ्या आजारांच्या 1,084 रुग्णांची नोंद केली आणि ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय कणांच्या अ‍ॅलर्जीतून होणारा फुप्फुसदाह होता आणि या गटातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. कूलर होता म्हणून आजार झाला, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळाभर भिजत राहणारे कूलरचे गवत आणि टाकीतले शिळे पाणी पाहिले, तर संशयाला आधार आहे. त्याच गवतातून आलेली हवा घरातले सगळे रात्रभर श्वासात घेतात.

यावर आक्षेप येतो, की आपल्या आजी-आजोबांनी ओल्या घरांत आयुष्य काढले, त्यांना काय झाले? त्या काळच्या दम्याची आणि धापेची घराच्या ओलीशी सांगड कोणी घातली नव्हती, म्हणून ते आजार नव्हते असे होत नाही. शिवाय कौलारू घरात वारा खेळायचा. आज बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये कपडेही आतच वाळतात. दुसऱ्या टोकाला ‘विषारी काळ्या बुरशी’ची भीती आहे. क्लीव्हलंडमध्ये 1993-94 मध्ये तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतल्या रक्तस्रावाचा दोष स्टॅकिबॉट्रिस या बुरशीवर आला होता. 2000 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. कोविडकाळात ज्याची धास्ती बसली तो म्युकरमायकोसिसही वेगळा: त्यातला काळा रंग मृत पेशींचा, भिंतीवरच्या डागांचा नव्हे. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओली घरे गरिबांची असतात, मग आजाराचे कारण गरिबी कशावरून नसेल? याचे उत्तर क्लीव्हलंडमधल्याच 2006 च्या प्रयोगातून मिळते. दमा असलेल्या 62 मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि एका गटाच्या घरांतली गळती व ओल दुरुस्त केली. त्या मुलांना दम्याच्या तीव्र झटक्यांसाठी इस्पितळ गाठण्याची वेळ लक्षणीयरीत्या कमी आली.

म्हणूनच पैसा रंगावर घालवण्याआधी पाण्याची वाट अडवावी. भिजलेली वस्तू 48 तासांच्या आत वाळवावी, कपाट भिंतीला चिकटवू नये, कूलरची टाकी नियमित रिकामी करून धुवावी आणि त्यातले गवत दर उन्हाळ्यात बदलावे. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी मात्र एकट्या कुटुंबाला थांबवता येत नाही. सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षे लांबणीवर पडणाऱ्या त्या दुरुस्तीला आरोग्याचे काम म्हणून पहिला क्रमांक मिळायला हवा आणि दम्याच्या रुग्णाला तपासताना डॉक्टरांनी घराच्या भिंतींचीही चौकशी करायला हवी.