घाटातले मागचे इंजिन

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘प्रारूप’ हा शब्द मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. वास्तवातील असंख्य तपशील बाजूला सारून जे थोडके उरते, त्याची नीट मांडणी करणे म्हणजे प्रारूप, अशी व्याख्या मी सांगते आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. परंतु काय बाजूला सारावे आणि काय राखावे, हा निर्णय किती जिवावर येतो, हे मला कळले ते आमच्या घराच्या बंद करून घेतलेल्या गॅलरीत. तेथे गेली तीन वर्षे माझे वडील, माझा बारा वर्षांचा मुलगा आणि मी मिळून बोरघाटाचा एक तुकडा उभारीत आहोत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. १९७३ साली ते रेल्वेत लागले आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी कर्जत ते लोणावळा या टप्प्यात, घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर काढली. आईच्या निधनानंतर ते आमच्याकडे राहावयास आले. लेकीच्या घरी कायमचे राहणे त्यांच्या पिढीच्या माणसाला सोपे नसते. पाण्याचा पेलासुद्धा ते मागून घेत नसत. दिवसभर खिडकीशी बसत आणि विचारले तेवढेच बोलत. मी महाविद्यालयातून घरी यावे, ‘अण्णा, जेवलात का?’ म्हणून विचारावे, त्यांनी ‘हो’ म्हणावे आणि तेथेच आमचे संभाषण संपावे, असे आठ-दहा महिने चालले. एका छपराखाली माणसे राहतात म्हणून ती एकत्र राहतात असे समजण्याचे कारण नाही, हे त्या दिवसांत मला फार तीव्रतेने जाणवले.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. एका रविवारी मुलाच्या हट्टाखातर आम्ही तेथे गेलो. छोट्या छोट्या गाड्या, सिग्नल, पूल पाहून मुलगा हरखला यात नवल नव्हते. नवल वाटले ते अण्णांचे. परत येताना रिक्षात ते आपण होऊन म्हणाले, “आपला घाटसुद्धा असा करता येईल.” कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य असावे.

मग हिशेब सुरू झाले. छंद म्हणून रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांत जे प्रमाण अधिक रूढ आहे, ते सत्त्याऐंशीस एक असे आहे. जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटात जो चढ बांधला त्याची लांबी पावणेसोळा मैलांहून थोडी अधिक आणि उंची १८३१ फूट होती. या प्रमाणात तो सारा घाट करावयाचा तर २९३ मीटर लांबीची आणि साडेसहा मीटर उंचीची जागा हवी. आमच्या गॅलरीची लांबी ११ फूट! साधनांची दुर्मिळता आणि त्यांतून करावयाची निवड, हा आमच्या विषयाचा पहिला धडा असा घरात येऊन बसला. कर्जत, पळसधरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा ही सगळी नावे कागदावर लिहिली आणि एकेक खोडीत गेलो. प्रत्येक नाव खोडताना अण्णा थोडा वेळ थांबत. त्या प्रत्येक ठिकाणाशी त्यांची कुठली ना कुठली रात्र जोडलेली होती आणि त्या निमित्ताने ती मला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होती.

साहित्य घरचेच घेतले. डोंगरासाठी थर्माकोल आणि जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, त्यावर प्लास्टरचा हात, मातीच्या रंगासाठी वाळवलेला चहाचा चोथा, गवतासाठी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, झाडांसाठी वाळक्या घोसाळ्याची जाळी. रूळ, एक जुने इंजिन आणि चार डबे मात्र विकत आणावे लागले. अण्णांनी रूळ हातात घेऊन पाहिले आणि तत्काळ म्हणाले, “हे गेज आपले नाही.” ते खरेच होते. आपल्या रुंद मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवेत. बाजारात मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोपातील गेजवरून बेतलेले असतात. ही पावणेतीन मिलिमीटरची तडजोड अण्णांनी नाइलाजाने मान्य केली. चढाच्या बाबतीत मात्र ते तडजोडीला तयार नव्हते, आणि तेथेच माझी पहिली चूक झाली.

बोरघाटातील सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. अकरा फुटांच्या गॅलरीत तो चढ दिला तर रूळ जेमतेम नऊ सेंटीमीटर वर जातात. नऊ सेंटीमीटरचा कसला घाट? मला डोंगर डोंगरासारखा दिसायला हवा होता. मी पंधरास एक असा चढ धरला. अण्णा एवढेच म्हणाले, “चढ खोटा आहे.” मी ऐकले नाही. दोन महिने खपून डोंगर केला, रंगवला, रूळ बसवले आणि गाडी सोडली. इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि चारही डब्यांसह गाडी हळूच मागे घसरली.

यानंतर जे घडले ते कबूल करताना अर्थशास्त्राची अध्यापिका म्हणून मला संकोच वाटतो. बुडीत खर्चाची संकल्पना मी दर वर्षी शिकवते. जो खर्च होऊन गेला, परत मिळण्यासारखा नाही, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे ठणकावून सांगते. तीच मी पुढचा महिनाभर तो डोंगर वाचवण्याच्या खटपटीत होते. डबे कमी करून पाहिले, इंजिनात वजन घालून पाहिले. अखेर एका संध्याकाळी अण्णांनी गवंड्याकडची असते तशी पाण्याची पारदर्शक नळी आणली, तिचे एक टोक नातवाच्या हाती दिले, दुसरे आपण धरले आणि भिंतीवर पेन्सिलीने खऱ्या चढाच्या खुणा करायला सुरुवात केली. माझ्या चुकीविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच डोंगर फोडला.

नऊ सेंटीमीटरच्या अडचणीवर तोड सापडली ती इतिहासात. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांच्यापुढेही हीच अडचण होती: उंची फार आणि तोंड वळवायला जागा नाही. त्यांनी खंडाळ्याच्या अलीकडे एक उलटफेरीचे स्थानक योजले. गाडी चढत एका बंद टोकापाशी यायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायचे आणि गाडी जणू आल्या दिशेने परत निघायची. पण परतीचा तो मार्गही चढाचाच असायचा. मागे जाते आहे असे वाटणारी गाडी प्रत्यक्षात वर चढत असायची. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर हे स्थानक बंद झाले. आम्ही तेच करायचे ठरवले आणि तेवढ्याच गॅलरीत जवळजवळ दुप्पट उंची मिळवली.

त्या निमित्ताने घाटाचा इतिहास पुन्हा वाचला. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे या सात वर्षांत खोदले गेले. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती, पण मधला घाट तयार नसल्यामुळे प्रवाशाला खोपोलीस उतरून पालखीने वर यावे लागे. १८५९ च्या सुरुवातीस मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट न सोडता व्यवस्थापकांकरवी तडीस नेले. १८६१ च्या जानेवारीत या घाटावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने आणि अपघाताने त्यांतील किती गेली त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. खुद्द बर्कलेही १८६२ साली इंग्लंडात वारले, पुरा झालेला घाट त्यांनी पाहिला नाही. धीर या शब्दाचा विचार करताना आपण एकट्या माणसाचा, त्याच्या मनोनिग्रहाचा विचार करतो. वस्तुतः मोठ्या कामातला धीर हा अनेकांनी वाटून घेतलेला असतो. एकाच्या हातून सुटलेले टोक दुसरा धरतो म्हणून काम टिकते.

पुढे आम्ही दुसरे इंजिन आणले आणि ते गाडीच्या मागे लावले. रेल्वेची माणसे या मागच्या इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात. मला ठाऊक असलेले बँकर वेगळे, त्यामुळे या शब्दावरून घरात पुष्कळ हसणे झाले. मुलाने उत्साहाने मागच्या इंजिनाचा वेग वाढवला आणि क्षणात मधले दोन डबे वळणावर रुळांवरून उतरले. तेव्हा अण्णा प्रथमच सविस्तर बोलले. मागच्याने घाई करायची नसते, ते म्हणाले. पुढच्या चालकाने शिटी द्यायची, मागच्याने शिटीनेच उत्तर द्यायचे, मग दोघांनी मिळून निघायचे. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याला फक्त गाडीचे ओझे अंगाला जाणवते. रेटा कमी पडला तर गाडी थांबेल, जास्त झाला तर मधलेच डबे उतरतील. आणि लोणावळा आले की मागचे इंजिन सुटते, गाडी पुढे पुण्याला जाते. “आम्हाला कोण उतारू ओळखणार?” असे ते म्हणाले, आणि त्यात खंत अजिबात नव्हती.

मी त्या रात्री बराच वेळ विचार करीत होते. शिक्षकाचे, आईबापाचे काम याहून वेगळे काय असते? आपल्या मुलांच्या मागे आपण रेटा लावतो तो त्यांच्या वेगाने की आपल्या? दहावी-बारावीच्या वर्षी आपण किती डबे उतरवतो? आणि अण्णांनी माझ्या मागे, मला न कळता, किती घाट चढून दिला होता? रात्रपाळी करून आलेला हा माणूस माझ्या परीक्षेच्या दिवसांत पहाटे चहा करून माझ्या टेबलावर ठेवीत असे आणि न बोलता निघून जात असे. त्या न बोलण्याला मी वर्षानुवर्षे कोरडेपणा समजत आले होते.

कोणी म्हणेल, एवढ्या वेळात दुसरे काही ‘उपयोगी’ झाले असते. १९३० साली केन्स यांनी असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत माणसाला आठवड्यास पंधरा तास काम पुरेल. ती शंभर वर्षे भरत आली आहेत आणि तसे काही झालेले दिसत नाही. स्टाफान लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याचे एक मार्मिक कारण दिले. उत्पादकता वाढते तशी प्रत्येक तासाची किंमत वाढते. म्हणून माणूस फुरसतीतही अधिक वस्तू उपभोगून तो तास ‘भरून’ काढू पाहतो आणि ज्या गोष्टींना केवळ वेळच लागतो त्या मागे पडतात. माती भिजू देणे, डिंक वाळू देणे, म्हाताऱ्या माणसाला वाक्य पुरे करू देणे या अशाच गोष्टी आहेत.

म्हणूनच मला आपल्या शाळांतील ‘प्रकल्पां’ची काळजी वाटते. ज्वालामुखीपासून जलचक्रापर्यंत सर्व प्रतिकृती आज स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात. दिवाळीतला किल्लाही तयार मिळतो. विटा-दगड रचून, गोणपाट अंथरून, चिखल थापून आणि आळीव पेरून किल्ला करणाऱ्या पोरांना आठ दिवस एकमेकांशी भांडावे लागे आणि तरीही एकत्र राहावे लागे. तयार किल्ला अंगणात मांडायला पाच मिनिटे पुरतात. गुण दोन्हीला सारखेच मिळत असतील, तर चूक मुलांची नाही, गुण देणाऱ्या आम्हा शिक्षकांची आहे. वाकडातिकडा, पण मुलाने स्वतः केलेला प्रकल्प अधिक गुणांचा मानायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

आमचा घाट अजून पुरा झालेला नाही. अण्णांचा हात आता कापतो, म्हणून बारीक काम नातू करतो आणि ते खुर्चीवर बसून सांगतात. परवा मी महाविद्यालयातून उशिरा आले, तर गॅलरीतून तोंडाने दिलेली शिटी ऐकू आली, आणि लगेच दुसऱ्या, किंचित थरथरत्या शिटीने तिला उत्तर दिले. मी चप्पल काढून दारातच थांबले. गाडी निघायची होती.