शीतगृहातील खरबूज : काढणीपश्चात गुणवत्तेतील बदल

प्रस्तावना :
काढणीनंतरही फळ सजीव असते. त्याचे श्वसन चालू राहते, पाण्याचे बाष्पीभवन होत राहते आणि पेशींतील विकरांचे कार्य थांबत नाही. या क्रियांची गती मंद करणे हे शीतगृहाचे कार्य होय. मात्र शीतगृहात फळ टिकते, म्हणजे त्याचे सर्व गुण टिकतात, असा समज रूढ आहे. खरबुजाच्या बाबतीत तो विशेष नुकसानकारक ठरतो. कारण गोडी, मऊपणा, सुगंध आणि सालीचे स्वरूप या गुणांत होणारे बदल एकाच गतीने होत नाहीत. या बदलांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोडी :
आंबा किंवा केळे पूर्ण वाढ झाल्यावर कच्चे उतरविले तरी पिकताना त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. अढीत घातलेला हापूस गोड होतो तो यामुळेच. खरबुजात असा पिष्टसाठा नसतो. पानांत तयार झालेली शर्करा मुख्यतः स्टॅकिओज व रॅफिनोज यांच्या रूपाने फळाकडे वाहून नेली जाते आणि फळवाढीच्या अखेरच्या टप्प्यात सुक्रोजच्या रूपाने साठते. देठ तुटताच हा पुरवठा थांबतो. त्यामुळे दूरच्या बाजारपेठेसाठी घाईने तोडलेले फळ पुढे मऊ होईल, त्याची साल पिवळी पडेल. परंतु ते अधिक गोड होणार नाही. उलट, असलेली साखर श्वसनासाठी हळूहळू खर्च होते. अमेरिकेच्या प्रतवारी मानकांत कॅन्टालूपच्या ‘चांगल्या’ अंतर्गत गुणवत्तेसाठी किमान ९ टक्के, तर ‘अतिशय चांगल्या’ गुणवत्तेसाठी किमान ११ टक्के विद्राव्य घन पदार्थांची अट आहे. ही अट वेलीवरच पूर्ण व्हावी लागते.

मऊपणा व सुगंध :
पिकण्याच्या अनेक क्रिया इथिलीन या वायुरूप संप्रेरकावर अवलंबून असतात. फ्रान्समधील संशोधकांनी १९९६ मध्ये शारांते खरबुजात इथिलीननिर्मितीच्या विकराचे जनुक दडपून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातून व त्यानंतरच्या अभ्यासांतून असे दिसून आले की, अशा फळांची साल पिवळी पडत नाही, देठ आपोआप सुटत नाही, गर मऊ होणे मंदावते आणि सुगंधी एस्टरांचे प्रमाण बरेच घटते. गराचा नारिंगी रंग व साखरेचा संचय मात्र अबाधित राहतो.

शीतगृहाच्या मर्यादेचे कारणही येथेच सापडते. कमी तापमानात इथिलीनची निर्मिती व क्रिया मंदावते, म्हणून गर घट्ट राहतो; परंतु त्याच कारणाने सुगंधाची निर्मितीही मंदावते. दीर्घकाळ साठविलेले फळ दिसण्यात निर्दोष, पण चवीला निस्तेज वाटते ते यामुळे.

तापमान व आर्द्रता :
सर्व प्रकारांसाठी एकच तापमान योग्य नसते. जाळीदार सालीच्या कॅन्टालूपला २ ते ५ अंश सेल्सिअस तापमान मानवते व ते सुमारे दोन आठवडे चांगले राहते. गुळगुळीत सालीच्या हनीड्यूला ७ ते १० अंश, तर कलिंगडाला १० ते १५ अंश तापमान लागते. यापेक्षा बरेच खाली गेल्यास सालीवर खड्डे व तपकिरी डाग पडतात आणि कूज वाढते. ही शीत-इजा बहुधा फळ बाहेर उबदार हवेत आणल्यावर स्पष्ट दिसते. तोपर्यंत ते विक्रेत्याच्या हाती गेलेले असते. शिवाय पिकत्या खरबुजातून निघणाऱ्या इथिलीनमुळे शेजारच्या कलिंगडाचा गर मऊ व पिठूळ होतो. जाळीतील सूक्ष्म भेगांतून पाणी लवकर निघून जात असल्याने कॅन्टालूपसाठी सापेक्ष आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवणे इष्ट असते.

पूर्वशीतकरण व सुरक्षितता :
उन्हात तापलेले फळ थेट शीतगृहात ठेवल्यास आतील उष्णता सावकाश निघते आणि सालीवर दव साचते. लिस्टेरिया हा जिवाणू शीत तापमानातही वाढतो. २०११ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील कॅन्टालूपमधून त्याचा संसर्ग पसरून ३३ जणांचा मृत्यू झाला. साठवणीपूर्वी पूर्वशीतकरण न होणे हा तेथील चौकशीत नोंदविलेल्या संभाव्य कारणांपैकी एक होता. म्हणजेच गारवा हा स्वच्छतेला पर्याय नव्हे.

निष्कर्ष :
शीतगृह गुणवत्ता निर्माण करीत नाही. असलेल्या गुणवत्तेचा ऱ्हास केवळ लांबवते. म्हणून विद्राव्य घन पदार्थ मोजून व देठाची अवस्था पाहून काढणी करणे, त्वरित पूर्वशीतकरण करणे, प्रकारानुसार स्वतंत्र कक्ष ठेवणे आणि साठवणीचा काळ मर्यादित राखणे आवश्यक ठरते. वेलीवर न मिळालेली गोडी शीतगृहात मिळत नाही, हे ध्यानी न घेता अपक्व माल साठविल्यास साठवणीचा खर्च वाढतो, दर मात्र वाढत नाही.